पाणी घालू नये

यंदाच्या उन्हाळ्यात धाकटी रोपं मारणार होती. चुकून नव्हे, अगदी ठरवून, आणि तेही विज्ञानाच्या नावाने. सुट्टी लागायच्या आधीच तिने घरात तसं जाहीर करून टाकलं.

"रोपांना पाणी द्यायचं नाही आणि ती कशी मरतात ते बघत बसायचं. हेच माझं संशोधन."

"त्यासाठी निवड कशाला व्हायला हवी?" आई म्हणाली. "खिडकीतल्या कुंड्यांचं तू गेली कित्येक वर्षं तेच तर करते आहेस."

धाकटीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती स्वतःवर फार खूष होती. वडिलांनी जरा काळजीने विचारलं, जमेल ना गं तुला, तर ती म्हणाली, "बाबा, ह्यात काही करायचंच नाहीये. काही न करण्यात माणूस चुकणार कसा?"

हे वाक्य पुढे तिला फार महागात पडलं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

झालं होतं असं की, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळावं अशी एक योजना होती. धाकटीने दिसेल तिथे अर्ज ठोकले. लेसरवाल्यांनी नको म्हटलं. संगणकावर पृथ्वीचं हवामान मांडणाऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. मेंदूवाल्यांनी दिलं, पण ते दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं होतं. शेवटी तिला घेतलं ते टोमॅटो सरांनी. त्यांच्याकडे अर्जच तिचा एकटीचा आला होता, पण ही गोष्ट धाकटीने घरी सांगितली नाही.

सरांना टोमॅटो सर म्हणायचं एक कारण त्यांचा विषय आणि दुसरं त्यांचं नाक. राग आला, हसू आलं, चढ चढावा लागला, की ते पिकायचं. अख्खी नोकरी त्यांनी एका वाणामागे घालवली होती. पाणी नसलं तरी तग धरणारा टोमॅटो. इतर लोकांनी तोवर चार चार विषय बदलले, मोठी झाली माणसं, सर आपले त्याच काचघरात, त्याच रोपांपाशी. आणि आता उन्हाळा संपला की ते निवृत्त होणार होते. समितीने त्यांना एक शेवटची संधी दिली होती. साधी रोपं आणि सरांच्या वाणाची रोपं, दोन्ही बिनापाण्याची ठेवायची. सरांचं वाण जास्त दिवस टिकलं तर त्याचं बी खऱ्या शेतात जाईल, आणि शोधनिबंधावर सरांच्या नावाशेजारी धाकटीचं नाव लागेल. नाही टिकलं तर सरांचं बियांचं शीतकपाट रिकामं करून नव्या माणसाला द्यायचं. बी कुठे जाईल हे कुणी बोललं नाही, पण कचऱ्याची गाडी रोजच येत होती.

"तुला कळतंय ना?" सरांनी विचारलं होतं. "पुढच्या वर्षी मी नाही. हे एकदाच आहे."

"सर, तुम्ही निश्चिंत राहा," धाकटी म्हणाली. तिने साध्या रोपांच्या कुंड्यांना लाल पट्टी चिकटवली आणि सरांच्या वाणाला पांढरी, आणि प्रयोग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काचघराचं छप्पर दुरुस्त करायला माणसं आली.

दुरुस्तीचा अर्ज सरांनीच केला होता, पण तो कधी काळी, काळे केस असताना. मंजूर व्हायचा तो नेमका आत्ता झाला. विभागाच्या बोळात ऊन नव्हतं. सरांचं घर तळमजल्यावर, तिथे दुपारी दिवा लावावा लागे. तेव्हा धाकटी पुढे सरसावली. वसतिगृह बंद असल्यामुळे ती सुट्टीभर आत्याकडे राहत होती. आत्याच्या गॅलरीत दिवसभर ऊन असायचं, वर छप्पर होतं, पाऊस आत येत नव्हता.

"आत्या नाही म्हणणार नाही," ती म्हणाली.

आत्या नाही म्हणाली नाहीच. आत्या कशालाच नाही म्हणत नसे. हिवाळ्यात काका गेले. मूत्रपिंडं निकामी झाली होती, पुष्कळ दिवस चाललं आणि मग संपलं. त्यानंतर सगळ्या नातेवाइकांनी एकमताने ठरवून टाकलं की आत्या खंबीर आहे. एकदा ठरल्यावर कुणी फारसं बघायला आलं नाही. धाकटीनेही पोचल्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, "आत्या एकदम ठणठणीत आहे. सकाळी सहाला आंघोळ, कपडे इस्त्रीचे, घर आरशासारखं." आई म्हणाली, "आहेच ती खंबीर."

एकदाच काय ते आत्याने तिला अडवलं होतं. धाकटीने फळीवरचा एक काचेचा पेला पाणी प्यायला घेतला. त्यावर मध्यभागी नेलपॉलिशची लाल रेघ होती. आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, पुसला आणि परत फळीवर ठेवला. धाकटीला वाटलं, मापाचा असेल.

कुंड्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना धाकटी, सर आणि इमारतीचा रखवालदार तिघांचेही खांदे गेले. सरांचं नाक पहिल्या जिन्यातच पिकलं. सगळं मांडून झाल्यावर धाकटीने जाड पेनाने पाटी लिहिली आणि भिंतीवर चिकटवली. पाणी घालू नये.

आत्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. चुकूनसुद्धा नाही हं आत्या. माझं सगळं ह्याच्यावर आहे. सरांचं तर आयुष्य आहे."

"बरं," आत्या म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सुरुवात झकास झाली. ऊन कडक होतं, माती भेगाळली, आणि लाल पट्टीची साधी रोपं एका दुपारी शाळेतल्या मुलांसारखी माना टाकून बसली. पांढरी मात्र ताठ. धाकटीने फोटो पाठवला. सरांचा फोन आला, आवाजात वीस वर्षांनी तरुण झाले होते. "उद्या परवा लाल संपतील बघ. मग पांढरी किती दिवस टिकतात तेवढं मोजायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आंघोळ करून आली, नाश्ता केला, मैत्रिणीशी फोनवर बोलली, गॅलरीत गेली, आणि तिथेच थबकली. लाल पट्टीची रोपं ताठ उभी होती. ती मरायची होती, आणि अशी उभी होती जणू सुट्टीवरून परत आली आहेत.

"पट्ट्या बदलल्यास तू," सर फोनवर म्हणाले.

"नाही सर."

"पानं बघ. माझ्या वाणाच्या पानाची कड आत वळलेली असते."

धाकटीने गुडघ्यांवर बसून एकेक पान तपासलं. पट्ट्या बरोबर होत्या. दोन दिवसांनी लाल पुन्हा मलूल झाली, सरांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा टवटवीत. असंच चालू राहिलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं आणि लाल कुंड्यांत कुठून तरी येत राहिलं.

"वरून गळतंय," सरांनी निष्कर्ष काढला. "वरच्या मजल्यावर कोण राहतं?"

वरच्या मजल्यावर वकील राहत होते. धाकटी गेली आणि म्हणाली, तुमचे ओले कपडे आमच्या संशोधनावर ठिबकतात. वकिलांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं की ठिबकताना तिने प्रत्यक्ष पाहिलं आहे का, पाहिलं नसेल तर कुणी पाहिलं आहे, आणि त्यांचे कपडे इमारतीच्या मागच्या बाजूला वाळत असताना ते पुढच्या बाजूला ठिबकतात ह्याला विज्ञानात काय म्हणतात. ती उठली तेव्हा वकील तिच्याकडून लेखी माफी मागत होते. ती तिने दिली. वर गॅलरीला प्लास्टिकही बांधलं, ते वाऱ्याने फडफडून खालच्या मजल्यावरच्या बाळाला झोपू देईना, म्हणून खाली आणखी एक माफी झाली, ही तोंडी.

लाल रोपं सुखात होती.

"वाफ," सर म्हणाले. "न्हाणीघरातून गरम पाण्याची वाफ येत असणार. गरम पाण्याने आंघोळ बंद."

धाकटीने बंद केली. आत्याला सांगितलं, तर तिनेही निमूटपणे बंद केली. न्हाणीघर घराच्या त्या टोकाला आणि गॅलरी ह्या टोकाला, वाफेला मधे दोन दारं आणि एक कपाट ओलांडावं लागलं असतं. पण धाकटीला आता कुणावरच विश्वास उरला नव्हता, वाफेवरही नाही.

मग वजन. संध्याकाळी कुंडी तोलायची, सकाळी तोलायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर लाल कुंडी संध्याकाळी हलकी भरली आणि सकाळी जड. सर म्हणाले काटा बिघडलाय. धाकटी कुंडी कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेली. दुकानदाराने गिऱ्हाइकं थांबवून कुंडी तोलली आणि गंभीरपणे विचारलं, "देणार कितीला?" तिथेही सकाळची कुंडी जडच निघाली.

खरी पंचाईत पांढऱ्यांची झाली. इतके दिवस ती ताठ उभी होती, सरांना जशी हवी तशी. आणि एका सकाळी सगळीच्या सगळी कोसळली. आधी मलूल नाही, सावकाश नाही, एकदमच. संध्याकाळपर्यंत पानं हाताला कुरकुरायला लागली. साधी रोपं शेजारी बसून नवी पालवी काढत होती.

धाकटीला हे फोनवर सांगताना रडू आलं. सर पलीकडून म्हणाले, "हरलं म्हणजे. साध्यापुढे हरलं."

त्यांचा तो आवाज धाकटीला सहन होईना. आणि माणसाला आवाज सहन होत नाही तेव्हाच तो नको ते बोलून जातो. ती म्हणाली, "सर, पण साध्यांना पाणी येतंय कुठून? वरून नाही, वाफेतून नाही, काटा बरोबर आहे. मग हवेतून तर घेत नसतील?"

"मूर्खासारखं बोलू नकोस," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो सरांचाच. त्यांनी रात्रभर वाचलं होतं. हवेतला ओलावा पिणारी झाडं जगात असतात म्हणे. साध्या टोमॅटोने ते केलं असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "माझं वाण गेलं तर जाऊ दे," ते म्हणाले. "पण जाता जाता हे मिळालं असेल तर? मी समितीच्या अध्यक्षांना कळवून टाकलंय. उद्या मांडायचं. आज मी स्वतः बघायला येतो."

इथे धाकटीला पहिल्यांदा वाटलं, आपण उगाच बोललो. पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

सर तिसरा मजला चढून आले. नाक एव्हाना पुरतं पिकलं होतं. गॅलरीत एक स्टूल होतं, त्यावर बसून ते लाल रोपांकडे असे बघत राहिले की नातवंडाकडेही कुणी तसं बघणार नाही. एका लाल रोपाने दुपारच्या उन्हात मान जराशी झुकवली होती. सर म्हणाले, "हे बघ, आता हे रात्री हवेतून पाणी घेणार." धाकटी हो म्हणाली. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

आत्या सरांसाठी पाणी घेऊन आली. सरांनी अर्धा ग्लास प्यायला आणि तिच्या हातात परत दिला. आत्याने तो घेतला, वाकली, आणि उरलेलं पाणी त्या झुकलेल्या रोपाला घातलं. मग पानावरची धूळ बोटाने पुसली आणि निघाली.

प्लास्टिक तेवढं फडफडत होतं.

"ताई," सर म्हणाले. "हे तुम्ही काय केलंत?"

"पाणी घातलं."

"आजच?"

"एरवी धाकटी आंघोळीला गेली की घालते. आज तुम्ही आहात म्हणून आत्ता."

धाकटीने कपाळाला हात लावला नाही, कारण हात हलतच नव्हते. "आत्या," ती म्हणाली, "अगं, मी वकिलांची लेखी माफी मागितली."

"हो, ऐकलं मी."

"थंड पाण्याने आंघोळ करतोय आपण."

"हो ना. उन्हाळा आहे म्हणून चाललं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "वकिलांना विचारलंत. दुकानदाराला विचारलंत. खालच्या मजल्यावरही जाऊन आलीस तू. मी घरातच होते."

सरांचं नाक पांढरं पडलं. धाकटीने ते तसं कधी पाहिलं नव्हतं. "पण पाटी आहे तिथे," ते कसेबसे म्हणाले. "एवढी मोठी. वाचली नाहीत का तुम्ही?"

"वाचली. रोज वाचते." आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "अशीच पाटी ह्यांच्या खाटेवर होती. पाणी देऊ नये. आधी डॉक्टरांनी माप दिलं होतं, दिवसाला एवढंच. मग तेही बंद केलं. हे मागायचे. बोलता येत नव्हतं तेव्हा बोटांनी मागायचे. मी त्यांना पाटी दाखवायची." तिने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. "तेव्हा मी ऐकलं."

ती आत गेली आणि फळीवरचा पेला घेऊन आली. लाल रेघेवर बोट ठेवून तिने तो सरांना दाखवला, कारण सर शास्त्रज्ञ होते आणि शास्त्रज्ञांना माप लागतं हे तिला एवढ्या दिवसांत कळलं होतं. "मान टाकली की ह्या रेघेपर्यंत. जास्त नाही घातलं."

सरांनी पेला हातात घेतला. फिरवून पाहिला. "आणि ही पांढरी?"

"ती मान टाकतच नव्हती हो. ताठ होती. मला वाटलं ह्यांना गरज नसेल. काल टाकली तेव्हा घातलं, दोन पेले घातले, पण तेव्हा उशीर झाला होता."

सर हसायला लागले. आधी बरं वाटलं, मग ते थांबेनात तेव्हा धाकटी घाबरली. "पास झालं गं," ते डोळे पुसत म्हणाले. "माझं वाण पास झालं. शेजारची दर दोन दिवसांनी आडवी पडत होती, आणि हे एवढ्या उन्हात एक थेंब नसताना उभं, की बघणाऱ्याला वाटावं ह्याला काही नकोच आहे. आणखी काय करायचं असतं वाणाने?"

दुसऱ्या दिवशी हे सगळं त्यांनी समितीपुढे खरं खरं सांगितलं. हवेतून पाणी वगैरे काही नाही, धाकटीच्या आत्याने घातलं. लेसरवाल्यांनी निवडलेला मुलगा खोकल्याच्या आडून हसला. अध्यक्ष भला माणूस होता, तो हसला नाही. तो म्हणाला, तुमचं वाण पुष्कळ दिवस टिकलं हे मान्य, पण कशाच्या मानाने? साध्यांना पाणी मिळत होतं. तुलना कशाशी करायची? पुन्हा प्रयोग करा, असं तो म्हणणार होता, पण त्याने सरांकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. पुन्हा करायला सर असणार कुठे होते.

धाकटीला एक गुळगुळीत कागद मिळाला. त्यावर सहभागाबद्दल असं छापलं होतं. सरांचं आणि अध्यक्षांचं बोलणं चालू असतानाच शीतकपाट रिकामं करायला माणसं गेली होती.

"चला, बरं झालं," सर म्हणाले. "एकदाचं मिटलं. मी अगदी ठीक आहे, तू जा घरी." आणि ते ताठ मानेने जिना उतरायला लागले. कालपर्यंत धाकटीने ते खरं मानलं असतं. आज ती त्यांच्यामागे धावत गेली आणि त्यांना चहा प्यायला घेऊन गेली. सरांनी तीन कप चहा घेतला, अख्ख्या नोकरीची गोष्ट सांगितली, आणि तिसऱ्या कपाला त्यांचं नाक हळूहळू पुन्हा लाल झालं.

ती घरी आली तेव्हा आत्या इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसली होती.

"काय झालं?"

"नापास."

"माझ्यामुळे."

"हो," धाकटी म्हणाली. खोटं बोलण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

"रागावलीस?"

"खूप." ती जमिनीवर बसली, आत्याच्या पायापाशी. सुट्टी संपत आली होती, आणि ह्या घरात राहून तिने प्रत्येक रोपाची रोज चौकशी केली होती. "आत्या, तुला झोप लागते का गं रात्री?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. आणि ती रडायला लागली. हळूहळू नाही, एकदमच.

धाकटी उठून पाणी आणायला गेली. हाताला तोच पेला लागला. तिने तो भरला, रेघेच्या वर, अगदी काठोकाठ. आत्याने रेघेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि अर्धा पेला एका दमात प्यायली. मग डोळे पुसले, उठली, गॅलरीत गेली आणि उरलेलं पाणी एका पांढऱ्या पट्टीच्या कुंडीत ओतलं. त्यातलं रोप वाळून काडी झालं होतं.

"आत्या, ते मेलंय गं," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे मला," आत्या म्हणाली. "पण आता कोण ओरडणार आहे?"